प्रौढांच्या चित्रपटाला लहान मुले आली तर जबाबदार कोण?

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातील एकपडदा चित्रपटगृहाचा व्यवस्थापक आहे. रक्तपाताने भरलेल्या ‘ए’ (फक्त प्रौढांसाठीच्या) चित्रपटांनाही रविवारी सहा-सात वर्षांची मुले घेऊन कुटुंबे येतात. अडवले की ‘पोरं आमची, तुम्हाला काय करायचंय?’ म्हणून भांडतात आणि मालक फोनवर ‘सोडा आत’ म्हणतात. याउलट, ‘यूए १६+’ (सोळा वर्षांखालील मुलांबाबत पालकांनी ठरवायच्या) चित्रपटाला दहा वर्षांच्या मुलासह आलेल्या दांपत्याला आमच्या डोअरकीपरने परत पाठवले, तर पैसे परत न दिल्याबद्दल त्यांची वकिलामार्फत नोटीस आली आहे. आम्ही नेमके काय करावे?

उत्तर : आपल्याकडे या दोन्ही प्रमाणपत्रांचा अर्थ उलटा लावला गेला : जिथे अडवायचे तिथे सोडले, आणि जिथे सोडायचे तिथे अडवले.

सिनेमॅटोग्राफ अधिनियम, १९५२ नुसार अठरा वर्षे पूर्ण केलेली व्यक्तीच प्रौढ होय. ‘ए’ चित्रपट अप्रौढ व्यक्तीला दाखवणे किंवा दाखवू देणे, हे दोन्ही कलम ७ च्या कक्षेत येते. त्यामुळे मालकांबरोबर, आत सोडण्याचा निर्णय ज्याच्या हातून झाला ते आपणही अडचणीत येऊ शकता. पालकांच्या संमतीचा बचाव येथे चालत नाही, आणि हे कलम पालकांना जबाबदारही धरत नाही. शिवाय कलम ७-अ नुसार अशा वेळी पोलीस अधिकारी चित्रपटगृहात प्रवेश करून चित्रपट जप्त करू शकतात. रविवारचा गल्ला मालकांचा आणि पोलीस ठाण्याच्या खेपा आपल्या, असे होऊ नये म्हणून मालकांचा तोंडी आदेश पाळू नका. ‘अठरा वर्षांखालील प्रेक्षकांना मी प्रवेश देणार नाही’ असे त्यांना लेखी, निदान व्हॉट्सॲपवर तरी, कळवा आणि तो संदेश जपून ठेवा.

खरा बंदोबस्त दारावर नव्हे, तिकीट खिडकीवर करावा लागतो. प्रमाणपत्राचे स्वरूप चित्रपट देणाऱ्याने प्रदर्शकाला कळवणे कलम ६-अ नुसार बंधनकारक आहे, तेव्हा ती माहिती आधीच मागून घ्या, खिडकीशेजारी ठळक मराठीत फलक लावा आणि बुकिंग क्लार्कला ‘बरोबर मुले आहेत का?’ एवढे विचारायला सांगा. ऑनलाइन तिकीट काढून आलेल्यांना परत पाठवावे लागले, तर रक्कम परत करणेच शहाणपणाचे. चारशे रुपयांसाठी दाराशी तमाशा कोणाला परवडतो?

‘यूए’ची गोष्ट वेगळी आहे. २०२३ च्या दुरुस्तीने या वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग पडले, परंतु हे वयाचे शेरे पालकांच्या माहितीसाठी असून त्यांची अंमलबजावणी पालकांखेरीज इतर कोणी करू नये, असे कायद्यातच नमूद आहे. म्हणून दहा वर्षांच्या मुलाला पालकांसह येऊ न देण्याचा अधिकार आपल्या डोअरकीपरला या शेऱ्यातून मिळत नव्हता. चित्रपट मुलाला झेपेल का, ही शंका रास्त असली तरी निर्णय त्या आईवडिलांचा होता. तिकिटाचे पैसे घेऊन सेवा नाकारली, ही तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात टिकण्याजोगी आहे, आणि ती दाखल करण्यास त्यांना कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

माझ्या मते लढण्यासारखे येथे काही नाही. नोटिशीतील मुदतीच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या, कर्मचाऱ्याचा गैरसमज झाल्याचे मान्य करून तिकिटांची संपूर्ण रक्कम आणि येण्या-जाण्याचा माफक खर्च देऊ करा, आणि तडजोड झाल्यास ‘आता तक्रार उरलेली नाही’ असे त्यांच्या सहीने लिहून घ्या.