टीएसएच ६.८ आणि फ्री टी४ नॉर्मल: थायरॉईडची गोळी लगेच सुरू करावी का?

बहुतेक वेळा लगेच नाही. टी४ हे थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन; ते नॉर्मल आहे, म्हणजे थायरॉईड काम करतेय; फक्त मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला टीएसएच हे हार्मोन सोडून तिला जरा जास्त हाकावं लागतंय. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये शिबिरं झाली की असे ठळक अक्षरातले आकडे घरोघर येतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच निदान होतं!

एका आकड्यावर आयुष्यभराची गोळी ठरवू नका. दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि सकाळी, टीएसएच आणि फ्री टी४ पुन्हा करा. सोबत अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी) एकदा करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर पुढे थायरॉईड मंदावण्याची शक्यता वाढते. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना सांगून तपासणीच्या किमान दोन दिवस आधी थांबवा. त्याने अनेक लॅबचे आकडे चुकतात.

टीएसएच १० च्या वर टिकून राहिला तर सहसा गोळी देतात. ४.५ ते १० मध्ये लक्षणं, वय, अँटी-टीपीओ बघून ठरतं. सत्तरीपुढच्या सासूबाईंचा ६ आला तर बहुधा नुसतं लक्ष ठेवतात. थकव्याचं कारण आपल्याकडे बऱ्याचदा हिमोग्लोबिन किंवा बी१२ असतं, तेही तपासा.

मात्र तुम्ही गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर दोन महिने थांबू नका, याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. तिथे मर्यादा वेगळ्या असतात.

गोळी सुरू झालीच, तर उपाशीपोटी पाण्यासोबत. चहा अर्ध्या तासानंतर, कॅल्शियम-लोह चार तासांनी.