पाहुण्याने दर कमी करायला सांगितलं तर

घर किंवा खोली एअरबीएनबीसारख्या बुकिंग साइटवरून पाहुण्यांना भाड्याने देत असाल, तर “काही कमी होईल का?” असे मेसेज येणारच, मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडे तर नकार ऐकूनही बरेच जण बुकिंग करतात.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

– सफाई, चादरींची धुलाई, वीज, साइटचं कमिशन धरून एका रात्रीचा किमान दर आधीच ठरवा. समोरचा कितीही गोड बोलला तरी त्याखाली जायचं नाही.
– लांब मुक्कामाची सूट आधीच लावून ठेवा. एअरबीएनबीवर ७ आणि २८ रात्रींसाठी तशी सोय आहे. मग “दिसतोय तो दर सूट धरूनच आहे” एवढं उत्तर पुरतं.
– कमी करायचंच तर बदल्यात काही मागा, एखादी रात्र वाढवा म्हणावं. उद्या-परवाची खोली रिकामीच जाणार असेल, तर थोडं सोडायला हरकत नाही.

नवे यजमान घाबरून लगेच हो म्हणतात, नाहीतर चिडून घरखर्चाचा पाढा वाचतात. दोन ओळींत, हसतमुख नकार द्या.

“साइटबाहेर पैसे देतो, तुमचं कमिशन वाचेल” म्हणणाऱ्याला मात्र ठाम नाही. उद्या मोडतोड झाली तर कुणी वाली नसतो. “चांगला रिव्ह्यू देतो” हे आमिषही त्यातलंच. असलं बोलणं साइटच्या मेसेजमध्येच राहू द्या, फोनवर नको.