जुन्या कोडमधले कास्ट काढायचं काम मिळालंय, ते बदलून मागू का?

प्रश्न: मी सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका कंपनीत दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. मैत्रिणींना नवीन ॲप बनवायला मिळालं. मला मात्र जुन्या जावा प्रोजेक्टमधले टाइप कास्ट काढून तिथे टाइप-सेफ (टाइपची चूक आपोआप पकडणाऱ्या) मेथड वापरायला सांगितलंय. हे नुसतं साफसफाईचं काम वाटतं. रेझ्युमेत याला काय किंमत? मेंटरकडे दुसरं काम मागू का?

उत्तर: मागू नकोस. जेनेरिक्स (टाइप वापरताना ठरवता येणारे क्लास आणि मेथड) आणि टाइप इरेजर (कंपाइल झाल्यावर ती टाइपची माहिती पुसली जाणं) हे विषय पुस्तकातून पाठ होतात, पण कळतात ते अशाच कामात.

कास्ट म्हणजे तू कंपायलरला दिलेली हमी असते: ही वस्तू याच टाइपची आहे, तू तपासत बसू नकोस. हमी खोटी निघाली की प्रोग्रॅम चालू असताना क्लासकास्टएक्सेप्शन ही चूक येऊन तो थांबतो. त्यामुळे कास्ट दिसला की लगेच खोडायला जाऊ नकोस. टाइपची माहिती हरवली कुठे, ते आधी शोध. ती जागा बहुतेकदा बरीच मागे, दुसऱ्याच फाइलमध्ये असते, आणि खरी दुरुस्ती तिथेच करायची असते.

हमखास सापडणारं एक उदाहरण घे. जॅक्सन या जावा लायब्ररीने जेसन (मजकूर स्वरूपातला डेटा) वाचून ते स्ट्रिंग-ऑब्जेक्टच्या मॅपमध्ये (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांत) भरलं, तर इंटमध्ये मावणारा पूर्णांक इंटिजर होतो आणि न मावणारा लाँग. टेस्टिंगमध्ये ग्राहक क्रमांक १०४५ असतो, म्हणून इंटिजरवर केलेला कास्ट बिनबोभाट चालतो. क्रमांक २१४७४८३६४७ च्या पुढे गेला की तीच ओळ कोसळते. कोणी दूरचा विचार करून लाँगवर कास्ट केला असेल, तर १०४५ लाच कोसळते, कारण जावात इंटिजर हा लाँगचा सबक्लास नाही. इथे ट्राय-कॅच लावणं म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मॅपऐवजी ग्राहकाचा स्वतंत्र क्लास कर, त्यात क्रमांक लाँग ठेव आणि रीडव्हॅल्यू मेथडला तो क्लास दे. कास्ट आपोआप गळून पडतो.

मॅप ठेवावाच लागत असेल, उदाहरणार्थ सेशनमध्ये नाना प्रकारच्या वस्तू असतील, तर नुसती स्ट्रिंग की वापरू नकोस. नावासोबत टाइपचा क्लास ऑब्जेक्टही बाळगणारी जेनेरिक की बनव. पुट त्याच टाइपची वस्तू घेईल, गेट त्याच टाइपची परत देईल, आणि गेटच्या आत क्लास ऑब्जेक्टची कास्ट मेथड असेल. 'शेवटी कास्टच की!' असं वाटेल, पण फरक मोठा आहे. जेनेरिक मेथडमध्ये नुसत्या टी वर (अजून न ठरलेल्या टाइपसाठीच्या अक्षरावर) कास्ट केला तर इरेजरमुळे तिथे काहीच तपासलं जात नाही. एक्सेप्शन मेथड वापरणाऱ्याच्या ओळीवर येतो आणि स्टॅक ट्रेस (चूक कुठल्या ओळीवर आली ते दाखवणारी यादी) निरपराध माणसाकडे बोट दाखवतो. क्लासची कास्ट मेथड जागच्या जागी तपासते.

तिच्यातही खाचा आहेत. इंटच्या क्लास ऑब्जेक्टवर कास्ट बोलावलीस तर पाच हा आकडा दिला तरी एक्सेप्शन येतो. तिथे इंटिजरचा क्लास हवा. नल, म्हणजे वस्तूच नसणं, मुकाट्याने पुढे जातो. आणि यादी स्ट्रिंगचीच आहे का, हे तिला कळत नाही. ती फक्त लिस्ट आहे एवढंच बघते. जेसनमधून अशी यादी वाचायची असेल तर यादीच्या आतला टाइपही सांगणारा जॅक्सनचा टाइपरेफरन्स वापर.

कास्ट नुसता नजरेआड होणंही वेगळं ओळखायला शीक. अँड्रॉइडमध्ये एपीआय २६ पासून फाइंडव्ह्यूबायआयडी (पडद्यावरचा घटक, म्हणजे व्ह्यू, शोधणारी मेथड) जेनेरिक झालं, कास्ट लिहावा लागेना. पण बटणाच्या जागी चुकीचा व्ह्यू आला तर ॲप आजही चालताना कोसळतं. व्ह्यू बाइंडिंगमध्ये टाइप लेआउट फाइलवरूनच ठरतो, म्हणून तिथे चूक कंपाइल होतानाच पकडली जाते.

आकड्यांच्या कास्टचा ढीग वेगळा कर. लाँगमधले तीन अब्ज इंटवर कास्ट केले की एक्सेप्शन येत नाही, उणे १२९४९६७२९६ मिळतात. हा दोष मला जास्त घातक वाटतो, कारण तो ओरडत नाही. जावा ८ पासून मॅथ क्लासमध्ये टूइंटएक्झॅक्ट आहे; आकडा मावला नाही तर ते एक्सेप्शन टाकतं.

सुरुवात कंपायलरपासून कर. एक्सलिंट या इशारे दाखवणाऱ्या सोयीचे कास्ट आणि अनचेक्ड (कंपायलरला टाइपची खात्री करता येत नाही अशा जागा) हे दोन्ही पर्याय चालू कर. पहिला अनावश्यक कास्ट दाखवतो. ते आधी, वेगळ्या कमिटमध्ये काढ. बाकीचे एकेका पॅकेजने घे, आणि हात लावण्याआधी चुकीच्या टाइपची वस्तू मुद्दाम पाठवणारी टेस्ट लिही. टाइप जुळला नाही तर नल परत करायचा मोह होईल, तो टाळ. चूक दडपली जाते आणि चार मेथड पुढे नलपॉइंटर होऊन उगवते. काही कास्ट राहतीलच, विशेषतः जुन्या लायब्ररीच्या सीमेवर. ते एका छोट्या मेथडमध्ये कोंड, इशारा दडपणारं सप्रेसवॉर्निंग्ज फक्त त्या एका व्हेरिएबलवर लाव आणि हमी कशाच्या जोरावर देतेस ते कॉमेंटमध्ये लिही.

रेझ्युमेत 'कोड साफ केला' असं लिहू नकोस. आधी किती अनचेक्ड वॉर्निंग होत्या, आता किती आहेत, किती टेस्ट लिहिल्या आणि कुठला खरा दोष सापडला, हे लिही. त्यासाठी पहिल्याच दिवशी वॉर्निंगचा आकडा टिपून ठेव, नंतर तो शोधत बसावं लागतं. मुलाखतीत इरेजरबद्दल विचारलं तर २००४ च्या जावा ५ पासून सांगायला लाग: जेनेरिक्स आले तेव्हा जुना कोडही चालत राहायला हवा होता, म्हणून कंपाइल झाल्यावर ती माहिती पुसली जाते. मग सेशनच्या कीचं उदाहरण कागदावर काढून दाखव.

मेंटरकडे दुसरं काम मागण्याऐवजी प्रोजेक्ट जावाच्या कोणत्या आवृत्तीवर आहे ते विचार. १६ किंवा पुढची असेल तर इन्स्टन्सऑफमध्येच (वस्तू त्या टाइपची आहे का, या तपासणीतच) व्हेरिएबल जाहीर करता येतं आणि बरेचसे कास्ट एका ओळीत जातात. ८ किंवा ११ असेल तर ती सोय नाही, आणि दोन महिन्यांचा अंदाज त्याप्रमाणे बांधावा लागेल.