फाइलचे एन्कोडिंग ओळखावे कसे?

प्रश्न : माझ्याकडे सुमारे ४० एमबीची एक मजकूर फाइल आहे. लिनक्सच्या टर्मिनलवर ‘फाइल’ ही आज्ञा दिली असता तिचे एन्कोडिंग (अक्षरे बाइटांच्या, म्हणजे ० ते २५५ या अंकांच्या, रूपात साठवण्याची पद्धत) ‘यूएस-आस्की’ (फक्त इंग्रजी अक्षरे, अंक व साधी चिन्हे असलेले) असल्याचे उत्तर मिळते. परंतु तीच फाइल डेटाबेसमध्ये भरताना यूटीएफ-८ (जगभरच्या लिप्या सामावणारे एन्कोडिंग) मध्ये न बसणारा बाइट आढळल्याची तक्रार येते आणि काम मध्येच थांबते. यांपैकी खरे कोणते मानावे?

उत्तर : डेटाबेसचे म्हणणे खरे माना. साध्या मजकूर फाइलमध्ये सहसा स्वतःच्या एन्कोडिंगची नोंद नसते, त्यामुळे ‘फाइल’ ही आज्ञा बाइट पाहून अंदाज बांधते, आणि तोही सुरुवातीचा ठरावीक भाग वाचूनच. आपल्या फाइलचा तेवढा भाग निव्वळ आस्की असणार आणि वेगळा बाइट त्याच्या पुढे कोठेतरी असणार.

म्हणून ‘एन्कोडिंग कोणते?’ असे विचारण्यापेक्षा ‘ही फाइल अथपासून इतिपर्यंत यूटीएफ-८ आहे का?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर नेमके मिळते. यूटीएफ-८ ची रचना काटेकोर आहे. ‘म’ हे अक्षर हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पायावरील अंकपद्धतीत) ई०, ए४, एई अशा तीन बाइटांनी लिहिले जाते आणि मागून आणखी दोन बाइट यायला हवेत, हे पहिल्या बाइटवरूनच कळते. दुसऱ्या एन्कोडिंगमधला मजकूर योगायोगाने ही शिस्त पाळील, असे क्वचितच घडते. एन्कोडिंग बदलणाऱ्या ‘आयकॉन्व्ह’ या आज्ञेला यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच रूपांतर करायला सांगितले, तर पहिल्या सदोष बाइटपाशी ती थांबते व त्याचे स्थान सांगते. मला मात्र नमुन्यानुसार ओळी शोधणारी ‘ग्रेप’ ही आज्ञा अधिक सोयीची वाटते, कारण लोकेल (टर्मिनलची भाषा व एन्कोडिंग ठरवणारी मांडणी) यूटीएफ-८ असताना एन, ए, एक्स आणि व्ही हे पर्याय एकत्र देऊन ‘.*’ हा नमुना शोधला की साऱ्याच सदोष ओळी क्रमांकांसह समोर येतात.

अशी एखादी ओळ बाइट हेक्साडेसिमलमध्ये दाखवणाऱ्या ‘एक्सएक्सडी’ या आज्ञेतून पाहावी. आस्की अक्षरांच्या मध्ये ९२ हा बाइट एकटाच दिसला, तर तो बहुधा विंडोज-१२५२ या पश्चिम युरोपीय भाषांसाठीच्या जुन्या एन्कोडिंगमधला वळणदार अपॉस्ट्रॉफी असतो. त्याच्याशी बरेच जुळणाऱ्या आयएसओ-८८५९-१ या एन्कोडिंगमध्ये त्याच जागी नियंत्रण-चिन्ह (न दिसणारी, यंत्रासाठीची खूण) आहे, जे मजकुरात सहसा कोणी लिहीत नाही. ‘आयएसओ-८८५९-१ मानून रूपांतर केले, चूक आली नाही’ एवढ्यावर विसंबू नये. त्यात प्रत्येक बाइटला काही ना काही अर्थ असल्याने ते वाचन कधी अडतच नाही. रूपांतरित ओळ डोळ्यांनी वाचून अर्थ लागतो का, हे पाहावेच लागते.

सर्वांत अधिक नुकसान मिश्र फाइलचे होते. इतर ओळींत यूटीएफ-८ अक्षरे असताना पूर्ण फाइल विंडोज-१२५२ मानून रूपांतरित केली, तर ‘म’च्या तीन बाइटांची तीन निरनिराळी चिन्हे होऊन बसतात. तेव्हा केवळ सदोष ओळी वेगळ्या काढून रूपांतरित कराव्यात, त्या नव्या नावाच्या फाइलमध्ये आपापल्या जागी बसवाव्यात आणि तिच्यावर ‘ग्रेप’ पुन्हा चालवावी. एकही ओळ छापली गेली नाही, म्हणजे फाइल डेटाबेसमध्ये भरायला हरकत नाही.