सातारा, सांगली की कोल्हापूर?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

बिऱ्हाड कुठे हलवावं हे ठरवायला तू केलेला तक्ता नीट वाचला. सातारा, सांगली, कोल्हापूर असे तीन रकाने आणि खाली भाडं, शाळा, दवाखाने, हवा, बाजार. प्रत्येकाला दहापैकी गुण. बेरीज केल्यावर तिघांत जेमतेम दोन गुणांचा फरक निघाला, म्हणून तू अडलीस. अगं, त्यातून फरक निघणारच नाही. भाडं तिन्हीकडे पुण्याच्या मानाने कमी, शाळा बऱ्या, भाजी ताजी, माणसं आपलीच. जे सगळीकडे सारखं आहे त्यालाच तू गुण देत बसलीस.

बँकेतल्या बदल्यांमुळे मी या तिन्ही शहरांत राहिले आणि कर्ज विभागात असल्यामुळे लोकांची घरं आतून पाहिली. त्यावरून सांगते. गावाचा सगळ्यात वाईट महिना बघ. आणि आज हातात असलेली नोकरी गेली तर त्याच गावात दुसरी मिळेल का, ते बघ.

सांगलीपासून सुरुवात करते, कारण 'पाऊस कमी' म्हणून तू तिला गुण वाढवून दिलेत. पाऊस कमीच आहे. पण सांगलीचा पूर सांगलीच्या पावसाने येत नाही. तिकडे महाबळेश्वरात आणि कोयनेच्या खोऱ्यात कोसळायला लागलं, धरणांतून विसर्ग वाढला, की इथे ऊन पडलेलं असतानाही कृष्णा चढते. मग घराघरांत एकच चौकशी सुरू होते, 'आयर्विनला किती फूट?' आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट धोक्याची. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. दोनच वर्षांनी, 2021 मध्ये, ते पुन्हा 50 च्या पुढे होतं. 2005 च्या पुराची आठवण तर इथले लोक अजून काढतात.

पण म्हणून 'सांगलीला पूर येतो, नकोच ती' असं म्हणणंही खरं नाही. गावभाग, मारुती चौक, सांगलीवाडी, शामरावनगर यांची गोष्ट वेगळी आणि विश्रामबागची वेगळी. विश्रामबाग उंचावर आहे आणि पुराच्या दिवसांत निम्मं गाव तिकडच्याच नातेवाइकांकडे मुक्कामाला असतं. सांगली आणि सातारा यांच्यात नसेल इतका फरक सांगलीच्याच दोन भागांत आहे.

हे डोळ्यांनी कसं ओळखायचं तेही सांगते. एकदा तळमजल्यावरच्या एका फ्लॅटच्या पाहणीला गेले होते. भिंतींना ताजा रंग, फरशी नवी, कुठे ओलीचा डाग नाही. पण सगळे स्विचबोर्ड माझ्या डोक्याच्या उंचीला, मीटर त्याहून वर आणि इन्व्हर्टर माळ्यावर चढवलेला. पलंगाशेजारी मोबाइल लावायला साधा प्लग नाही. मालक म्हणाले, 'घरात लहान मुलं आहेत ना, म्हणून वर घेतलेत.' मी खाली येऊन शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारलं, पाणी कुठवर आलं होतं? त्याने दुकानाच्या चौकटीवर माझ्या खांद्याइतक्या उंचीवर बोट ठेवलं आणि मलाच विचारलं, 'कुठल्या साली, 2005 ला की 2019 ला?' तेव्हा तू घर बघायला जाशील तर आधी स्विचबोर्ड बघ. मग दुकानदार, दूधवाला, रिक्षावाला यांना विचार. आणि विकत घ्यायची वेळ आली तर महापालिकेच्या नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा पाहिल्याशिवाय एक रुपयाही विसार देऊ नकोस. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. एजंट हा विषय आपणहून काढत नाही.

कोल्हापूरलाही पंचगंगेचा पूर आहे. 2019 मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस वाहतूक बंद होती. जावईबापूंचा कारखाना शिरोलीत असेल आणि घर नदीच्या पल्याड, तर हे लक्षात ठेवावं लागेल.

साताऱ्याला ही धास्ती नाही. गाव अजिंक्यताऱ्याच्या कुशीत, उतारावर, पाणी थांबतच नाही. तिथे विचारायचा प्रश्न निराळा : नळाला पाणी पालिकेचं की जीवन प्राधिकरणाचं (म्हणजे राज्य सरकारच्या पाणीपुरवठा संस्थेचं), किती वाजता येतं आणि मे महिन्यात किती वेळ येतं. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन उत्तरं मिळतात. वरच्या मजल्यावर घर घेणार असशील तर हे मे महिन्यातच जाऊन विचार.

आता नोकरीचं. जावईबापू फाउंड्रीत गुणवत्ता तपासणीला आहेत, त्यामुळे इथे अंदाज बांधायचं कारण नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या पट्ट्यात ओतकामाचे कारखाने एकाला लागून एक आहेत. एक सुटला तर दुसरीकडे ओळखीने पंधरा दिवसांत बोलावणं येतं. सांगलीत मिरज, कुपवाड आणि थोडं लांब किर्लोस्करवाडी. काम मिळतं, पण थांबावं लागतं. साताऱ्यात एमआयडीसीत चांगले कारखाने आहेत, पण मोजकेच. तिथली नोकरी गेली तर शिरवळ नाहीतर पुणं.

तुझी गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे. तुझं ऑफिस पुण्यात आणि आठवड्यातून दोन दिवस हजेरी. साताऱ्याहून विनाथांबा एसटीने स्वारगेट गाठून संध्याकाळी परत येता येतं, फक्त शुक्रवारी-शनिवारी खंबाटकी घाटाची खात्री नाही. सांगलीहून हे रोजच्या जमाखर्चात बसत नाही. सांगली पुणे-बंगळूर महामार्गावर नाही, त्यासाठी पेठ नाक्यापर्यंत यायलाच वेळ जातो. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून पहाटे पुण्यात उतरता येतं, पण ते महिन्यातून दोनदाच जमेल. म्हणून आधी ऑफिसकडून लेखी घे की ही दोन दिवसांची अट कायमची आहे की वर्षभराची. तोंडी आश्वासनावर बिऱ्हाड हलवू नकोस.

तुझ्या तक्त्यात एक ओळच नव्हती आणि ती मला फार खटकली. तुझ्या आई तासगावजवळ एकट्या आहेत, त्यांची साखर आणि गुडघे दोन्ही तुला माहीत. सांगलीहून तू अर्ध्या-पाऊण तासात त्यांच्यापाशी पोचतेस. आणि दवाखान्याचं म्हणशील तर मिरजेसारखं गाव या भागात दुसरं नाही. मिशनचं वानलेस हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकात सुरू झालेलं, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1962 चं, आणि कर्नाटकातले पेशंटसुद्धा तिथेच येतात. तू साताऱ्यात असताना रात्री अकराला आईचा फोन आला तर काय करशील, एवढाच विचार कर.

माझं मत विचारशील तर पुण्याची अट वर्षभराचीच असेल तर सांगली-मिरज. विश्रामबाग किंवा तिथून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, दुसऱ्या मजल्यावर, भाड्याने. जावईबापूंना कोल्हापूर पट्टा तिथून पन्नासेक किलोमीटर, मिरजेहून गाडीही आहे. पुराच्या दिवसांत अंकलीचा रस्ता बंद पडतो, तेवढे दिवस कोल्हापुरात मित्राकडे राहायची सोय त्यांनी आधीच करून ठेवावी. अट कायमची असेल तर सातारा, पण मग आईंना सोबत घेऊनच. त्या गाव सोडायला तयार आहेत का, हे फोनवर विचारू नकोस, जाऊन विचार.

घर विकत घ्यायचं नाव मात्र एक पावसाळा तिथे काढल्याशिवाय काढू नका, दोघंही. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे घर चांगलं असं नसतं.

विश्रामबागेत माझ्या ओळखीचे दोन घरमालक आहेत. जुलैच्या अखेरीला, नदी चढलेली असताना ये. आपण मिळून बघू. येताना बाळाचा रेनकोट आण.

तुझी,
मावशी