संग्रहालयात लोकांचा सहभाग म्हणजे अभिप्रायाची वही एवढंच का?

नाही हो. वही दाराशी असते, आणि तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. लोकांना त्याच्या आधी आत घ्यावं लागतं.

केपटाउनचं डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम बघा. डिस्ट्रिक्ट सिक्स ही त्या शहरातली एक वस्ती. 1966 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली. पुढे साठ हजारांवर माणसं हुसकावली आणि घरांवर बुलडोझर फिरवले. 1994 मध्ये तिथल्याच एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये प्रदर्शन भरलं. मांडायला वस्तू फार नव्हत्याच. रस्त्यांच्या नावाच्या जुन्या पाट्या तेवढ्या मिळाल्या, त्याही पाडकामावरच्या एका माणसाने गुपचूप जपून ठेवलेल्या.

मग जमिनीवर वस्तीचा भलामोठा नकाशा अंथरला. जुने रहिवासी यायचे, वाकून आपली गल्ली शोधायचे आणि घर होतं तिथे नाव लिहायचे. शेजारी लांब कापड टांगलेलं. त्यावर पेनने मजकूर लिहायचा, आणि नंतर त्यावरूनच दोऱ्याने भरतकाम व्हायचं, म्हणजे अक्षर पुसलं जात नाही. (मला विचाराल तर सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच.) थोड्या दिवसांसाठी भरवलेलं ते प्रदर्शन लोकांनी हलूच दिलं नाही.

तुमच्या गावात करायचं असेल तर गावठाणाचा नकाशा मोठा छापून घ्या, सोबत मार्कर ठेवा. म्हाताऱ्या माणसांना पहिल्या दिवशी बोलवा, उद्घाटनाला पुढारी नसला तरी चालेल. फक्त लिहिलेलं खोडायचं नाही, एकाच घरावर दोघांनी हक्क सांगितला तरी!