‘मधातून’ आणि ‘नॅनोकणांतून’

नागपूरच्या औषधनिर्माणशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) नॅनोकणांत हळदीतलं कर्क्युमिन भरून ते कर्करोगाच्या पेशींपर्यंत नेण्याच्या संशोधनावर मला मराठीतून बोलायचं आहे. या कणांना अनुपान म्हणता येईल का? आणि ड्रग डिलिव्हरीला औषध-वितरण चालेल का?’

अनुपान हा शब्द तुम्हाला आठवला याचा मला फार आनंद झाला, पण इथे तो बसत नाही. औषधासोबत किंवा औषधामागून घ्यायचं ते अनुपान: मध, तूप, कोमट पाणी. शब्दातच ‘पान’ म्हणजे पिणं आहे, आणि कर्करोगावरचे असे कण बहुधा शिरेतून देतात. शिवाय अनुपान औषधाच्या सोबतीला असतं, औषध त्याच्या पोटात नसतं. आयुर्वेदात मधाला ‘योगवाही’ म्हणतात, ज्याच्याशी योग होईल त्याचे गुण पुढे नेणारा. हा शब्द जरा जवळ येतो, पण तो गुण झाला, वस्तू नव्हे. वस्तूला सरळ ‘वाहक कण’ म्हणा.

खरी गंमत नामात नाही, प्रत्ययात आहे. सहाणेवर उगाळलेली सुंठ आजी बोटाने मधात कालवते आणि म्हणते, ‘मधातून चाटव.’ ‘मधाद्वारे’ कोणी म्हणत नाही. हा ‘-तून’ सांगतो की औषध आत आहे आणि आतून बाहेर येणार आहे. (नागपुरात ‘मधात’ म्हणजे ‘मध्ये’ही होतं, ‘मधात बोलू नको’, तेव्हा उदाहरण देताना तेवढं सांभाळा.) नॅनोकणाला तर हा प्रत्यय मधापेक्षाही चपखल बसतो. अशा कणांसाठी वापरलं जाणारं पीएलजीए हे बहुवारिक लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचं बनलेलं, विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्याच्याच कुळातलं. शरीरातल्या पाण्याने त्याच्या साखळ्या तुटत जातात आणि आतलं औषध हळूहळू बाहेर पडतं. म्हणून ‘नॅनोकणांतून कर्क्युमिन’ म्हणा. ‘द्वारे’ची गरजच नाही.

एवढा खटाटोप का, हे श्रोत्यांना वायगावची हळद दाखवून सांगा. पेलाभर पाण्यात चिमूट टाकली की ती तळाशी बसते, तेलात मात्र लगेच रंग सुटतो. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि पोटात गेलं की आतडं व यकृत त्याला झपाट्याने बदलून टाकतात.

‘वितरण’ मात्र नको, इथे मी आग्रही आहे. वितरण म्हणजे सगळीकडे वाटणं. नेहमीच्या केमोथेरपीत तेच होतं: औषध अंगभर जातं, केसांच्या मुळांपर्यंतही. हे संशोधन नेमकं ते टाळण्यासाठी चाललं आहे. त्यातून औषधशास्त्रात शरीरभर पसरण्याला, म्हणजे डिस्ट्रिब्युशनला, ‘वितरण’ हा शब्द तुम्हाला लागणारच. डिलिव्हरीला साधं ‘पोचवणं’ घ्या.

‘उपचार’ हा शब्दही जपून वापरा. यू वृक्षाच्या सालीतून मिळालेलं पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिन या प्रथिनाच्या नॅनोकणांतून द्यायला अमेरिकेत २००५ साली मान्यता मिळाली, तिथे ‘उपचार’ म्हणता येतं. कर्क्युमिन अजून कर्करोगावरचं मान्य औषध नाही. समोर एखाद्या रुग्णाचे नातेवाईक बसलेले असू शकतात, म्हणून शीर्षक असं ठेवा: ‘बहुवारिक नॅनोकणांतून कर्क्युमिन कर्कपेशींपर्यंत पोचवण्याचे प्रयोग’.